नांगर जोडता जोडता उभी राहिली वाडी : लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

पलूस तालुक्यातून रेल्वेनं जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, आधी गाव होतं आणि मग कारखाना आला. झालं ते उलटंच. आधी कारखाना आला आणि मग गाव वसलं. हे ज्यानं केलं तो माणूस काही इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला नव्हता. आयटीआयला जाणाऱ्या, एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागणाऱ्या आपल्या पोरांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला झाला. शाळेच्या पुस्तकात मन कमी, चित्रात आणि यंत्रात जास्त. 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. तिथं कळलं की काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराला रंगच कळेनात म्हटल्यावर संपलंच की! पण ते घरी परतले नाहीत. ज्यात रंग लागत नाही ते यंत्राचं ड्रॉईंग शिकले आणि पुढं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवायला लागले. सुट्टीच्या वेळात तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रं हाताळायची, इंग्रजी पुस्तकं वाचायची, हीच त्यांची शाळा.

1888 पासून बेळगावात थोरले भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलीचा धंदाही सुरू झाला होता. मुंबईतल्या नोकरीत हक्काची बढती डावलून दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि कायमचं बेळगाव गाठलं.

कडबा कापायचं यंत्र, मग नांगर

छोट्या वर्कशॉपमध्ये त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं. नंतर हात घातला लोखंडी नांगराला. तेव्हा आपल्याकडं सगळा लाकडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. केलेले नांगर दोन वर्षं कुणी घेईना. तरी त्यांनी नांगर करणं सोडलं नाही.

इथं थोडं कामाचं समजून घेऊ. गावचा सुतार नांगर करायचा तो एकेकच. एकाचा भाग दुसऱ्याला बसेलच असं नाही. कारखान्याची रीत वेगळी. आधी कागदावर मापासह ड्रॉईंग. त्यावरून प्रत्येक भागाचा लाकडी नमुना. हा नमुना मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो, कारण वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं. नमुना वाळूत दाबून साचा करायचा, त्यात रस ओतायचा. भाग निघाला की घासायचा, ठरल्या जागी भोकं पाडायची आणि शेवटी नट-बोल्टनं जोडणी. शंभर भाग काढले तरी शंभर एकसारखे पाहिजेत. मग फाळ झिजला तर शेतकऱ्यानं अख्खा नांगर टाकायचं कारण नाही. नवा फाळ आणायचा, पान्यानं बोल्ट आवळायचा, की औत चालू. जोडणीचं काम म्हणजे नुसतं बोल्ट आवळणं नव्हे. माप चुकलं तर बोल्ट कितीही आवळा, भाग बसत नाही. नांगराला जे लागू, तेच आजच्या मोटारसायकलच्या असेंब्ली लाईनलाही लागू.

निवडुंगाच्या माळावर

नांगराचा जम बसू लागला तोच बेळगावच्या नगरपालिकेनं वर्कशॉपची जागा खाली करायला सांगितलं. गावाची वाढ करायची होती. यंत्रं घेऊन जायचं कुठं? औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळरान आणि 10 हजार रुपये बिनव्याजी दिले. माळावर निवडुंग आणि नाग. पाणी कमी. 10 मार्च 1910 रोजी तिथं वाडी वसवायला सुरुवात झाली. तेव्हा लक्ष्मणराव 40 वर्षांचे होते. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे अशी जिवाभावाची माणसं सोबत होती.

आजूबाजूच्या खेड्यांतल्या ज्या हातांना विळा-खुरप्याचीच सवय, तेच हात इथं साचे भरायला आणि भाग जोडायला शिकले. वाडीत शिवाशिवीला थारा नव्हता. त्या काळात ही लहान गोष्ट नाही.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. तोफेचा नांगर झाल्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्या तरी ऐकण्यात नाही.

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. नांगरामागून उसाचे चरक, पंप, इंजिनं आली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून आले आणि त्यांनी धंदा देशभर वाढवला. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. 1969 मध्ये, जन्मशताब्दीला, भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

आपल्या भागातली कितीतरी पोरं आज लाईनवर उभी राहून एकच बोल्ट दिवसभर बसवतात आणि सहा-सात महिन्यांत कंटाळून गावी येतात. त्यांना दोष नाही, पगार आणि नोकरीची खात्री दोन्ही कमी. पण तिथं आहात तोवर एवढं कराच : आपला बोल्ट ज्या भागात बसतो तो भाग कसा झाला, त्याचं माप कोण ठरवतं, ड्रॉईंग कसं वाचायचं, हे विचारून घ्या. नोकरी सुटली तरी हे शिकलेलं कुणी काढून घेत नाही. लक्ष्मणरावांची नोकरी सुटली, जागा गेली. शिकलेलं मात्र सोबत राहिलं आणि त्यावरच वाडी उभी राहिली.