मार्चेल्लो माल्पिघी : बेडकाच्या फुफ्फुसात सापडलेला दुवा

इटलीतील बोलोन्या शहराजवळच्या क्रेव्हालकोरे या गावी मार्च १६२८ मध्ये मार्चेल्लो माल्पिघी यांचा जन्म झाला. हृदयातून निघालेले रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयाकडे परतते, हे सिद्ध करणारा विल्यम हार्वे यांचा ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात राहिलेली एक उणीव पुढे माल्पिघी यांनी भरून काढली.

वयाच्या सतराव्या वर्षी ते बोलोन्या विद्यापीठात दाखल झाले. १६४९ मध्ये आईवडिलांचे छत्र हरपले आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी त्यांच्यावर आली. तरीही शिक्षण नेटाने पूर्ण करून १६५३ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. १६५६ मध्ये ते पिसा येथे प्राध्यापक झाले. तेथे गणितज्ञ बोरेल्ली यांचा स्नेह लाभला आणि ग्रंथप्रामाण्यापेक्षा प्रयोगावर विसंबण्याची वृत्ती त्यांच्यात दृढ झाली. १६५९ मध्ये ते बोलोन्यास परतले.

हार्वे यांच्यापुढे एक कोडे शेवटपर्यंत राहिले होते. रोहिण्यांतील रक्त शिरांत पोहोचते, हे त्यांनी मोजमापाने दाखवले. पण ते नेमके कोणत्या वाटेने जाते, हे त्यांना दिसले नव्हते. रक्त मांसात झिरपत असावे, असा समज होता. १६५७ मध्ये हार्वे निवर्तले, तेव्हाही हा दुवा अज्ञातच होता.

मोठ्या प्राण्यांच्या दाट फुफ्फुसांत माल्पिघी यांनाही तो सापडेना. म्हणून ते बेडकाकडे वळले. मानवी फुफ्फुस म्हणजे कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांची गर्दी. बेडकाचे फुफ्फुस मात्र पातळ, जवळजवळ पारदर्शक पिशवीसारखे असते. आतल्या बाजूस थोड्या घड्या, एवढीच त्याची रचना. माणूस श्वासपटल आणि बरगड्यांच्या हालचालीने हवा आत ओढतो. बेडकाला श्वासपटल नाही. तो घशाचा तळ वरखाली करून हवा फुफ्फुसात ढकलतो. शिवाय ओलसर त्वचेतूनही तो श्वसन करतो, त्यामुळे अशा साध्या फुफ्फुसावर त्याचे भागते. दोघांच्या हृदयातही भेद आहे. मानवी हृदयाला चार कप्पे असतात आणि शुद्ध व अशुद्ध रक्त वेगळे राहते. बेडकाच्या हृदयाला दोन अलिंद आणि एकच निलय असतो. तेथे दोन्ही प्रवाह काही अंशी मिसळतात.

रचनेचा हा साधेपणाच माल्पिघी यांच्या उपयोगी पडला. जिवंत बेडकाच्या फुफ्फुसात त्यांना सूक्ष्मदर्शकातून रक्ताचे प्रवाह वाहताना दिसले. फुगवून वाळवलेले फुफ्फुस उजेडासमोर धरून पाहिल्यावर रोहिणी आणि शिरा यांना जोडणारे बारीक नलिकांचे जाळे स्पष्ट झाले. रक्त कोठेही मांसात सांडत नव्हते; ते अखेरपर्यंत नलिकांतूनच वाहत होते. या नलिका म्हणजेच केशवाहिन्या. १६६१ मध्ये बोरेल्ली यांना लिहिलेल्या दोन पत्रांच्या रूपाने हा शोध प्रसिद्ध झाला. त्यासाठी असंख्य बेडकांचा बळी गेल्याची कबुलीही त्यांनी दिली होती.

त्यांचे सगळेच निष्कर्ष अचूक ठरले नाहीत. प्राणवायूचा शोध लागण्यास अजून शतकाहून अधिक काळ होता. फुफ्फुसाचे कार्य रक्ताचे घटक नीट मिसळणे हे असावे, असे त्यांना वाटले. रक्तातील तांबड्या पेशी पाहूनही त्या चरबीचे कण असाव्यात, असे त्यांनी मानले. डोळ्यांना दिसलेले खरे होते. त्याचा अर्थ लावण्याची साधने तेव्हा नव्हती.

पुढे रेशीमकिडा, कोंबडीच्या अंड्यातील भ्रूण, वनस्पती, मूत्रपिंड आणि त्वचा यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. १६६९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. परदेशात असा मान मिळत असताना घरच्या विद्यापीठात मात्र विरोध वाढत गेला. जमिनीच्या हद्दीवरून ज्या स्बाराल्या घराण्याशी त्यांच्या कुटुंबाचे जुने वैर होते, त्याच घराण्यातील एका प्राध्यापकाने क्षुद्र जीवांच्या सूक्ष्म रचनेचा रोग्याला काडीचाही उपयोग नाही, असा जाहीर आक्षेप घेतला. १६८४ मध्ये घराला लागलेल्या आगीत सूक्ष्मदर्शक आणि हस्तलिखिते जळाली. १६८९ मध्ये बुरखाधाऱ्यांनी त्यांच्या गावाबाहेरच्या घरावर हल्ला केला. माल्पिघी यांनी आक्षेपाला सविस्तर लेखी उत्तर दिले. निसर्ग साध्या जीवांत जे उघड ठेवतो, त्यावरून गुंतागुंतीच्या देहाचे रहस्य उलगडते, हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा आधार होता. ते उत्तर त्यांच्या मृत्यूनंतरच छापले गेले.

१६९१ मध्ये पोप बारावे इनोसंट यांचे वैद्य म्हणून ते रोमला गेले आणि २९ नोव्हेंबर १६९४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मूत्रपिंडातील आणि त्वचेतील काही भाग, तसेच कीटकांच्या उत्सर्जक नलिका आज त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. केशवाहिन्यांना मात्र त्यांचे नाव नाही. तरीही रुग्णाच्या नखावर दाब देऊन तेथे तांबूस रंग किती लवकर परततो हे डॉक्टर पाहतात, तेव्हा ते याच केशवाहिन्यांतील रक्तप्रवाह तपासत असतात. रोग्याला उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.