रुग्ण बाबासाहेब : दिल्ली ते मुंबई

बाबासाहेबांच्या जयंतीला आणि महापरिनिर्वाण दिनी आपण त्यांच्या पदव्या मोजतो, ग्रंथ मोजतो, सत्याग्रह मोजतो. या मोजणीत एक गोष्ट नेहमी राहून जाते. आयुष्याची शेवटची नऊ-दहा वर्षे हा माणूस आजारी होता. मधुमेह, पायांच्या नसांचा दाह, सांधेदुखी आणि रात्र-रात्र न येणारी झोप, एवढे सगळे अंगावर घेऊन त्यांनी संविधानाचा मसुदा केला, हिंदू कोड बिल लढवले आणि लाखो लोकांना धम्माच्या वाटेवर आणले. या आजाराबद्दल आपल्या चळवळीत दोनच सूर ऐकू येतात. एक, समाजासाठी देह झिजवला हा गौरव. दुसरा, त्यांच्या मृत्यूभोवतीचा संशय. बाबासाहेब रुग्ण म्हणून कसे वागले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. आमच्या मते आजच्या कार्यकर्त्यांसाठी तोच प्रश्न अधिक कामाचा आहे.

आजारपण बाबासाहेबांच्या घराला नवे नव्हते. त्यांच्या आणि रमाईंच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. गंगाधर, रमेश, इंदू ही मुले गेली आणि १९२६ साली लाडका राजरत्नही गेला. विलायतेतील शिक्षणाच्या काळात ते अर्धपोटी राहून दिवसभर ग्रंथालयात बसत होते आणि इकडे रमाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. पुढे राजगृह उभे राहिले, बॅरिस्टरीचे उत्पन्न येऊ लागले, रमाईंवर उपचारही झाले. पण शरीर तोवर पार खचले होते. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पैसा आणि डॉक्टर वेळेवर मिळाले नाहीत तर घराचे काय होते, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या घरात पाहिले होते.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि दिल्लीला राहायला गेले. त्यांच्या खात्याने १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले. आजारपणात कामगाराला उपचार मिळावेत आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई व्हावी, हा तिचा गाभा होता. त्याच योजनेतून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आज गिरणीतला किंवा कारखान्यातला कामगार ज्या ईएसआयच्या दवाखान्यात जातो, त्याचे मूळ तिथे आहे. खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे कायदेही याच काळात सुधारले गेले. आजार हा एकट्या माणसाच्या नशिबाचा भाग नसून समाजाने वाटून घ्यायचा भार आहे, हा विचार त्यांच्या कामात आधीपासून होता. थोड्याच वर्षांत तो आजार त्यांच्याच दारात आला.

१५ ऑगस्ट १९४७ ला बाबासाहेब स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री झाले. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्याच महिन्यांत त्यांची प्रकृती ढासळू लागली. पाय दिवसा दुखत, पण खरी कळ रात्री उठे. मधुमेह जुना झाला की नसा बिघडतात आणि तळपायांची आग, टोचणी, कळ रात्री वाढते, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. बाबासाहेबांच्या कित्येक रात्री अशा गेल्या. सकाळ झाली की पुन्हा मसुद्याची कलमे समोर असत.

त्या काळी मधुमेहावर उपचार म्हणजे काय होते, हे समजून घेतले पाहिजे. इन्सुलिनचा शोध १९२१ चा, म्हणजे तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचा. मधुमेहाच्या आज सर्रास मिळणाऱ्या गोळ्या तेव्हा बाजारात आल्या नव्हत्या. बोटाला सुई टोचून घरी शुगर बघण्याचे यंत्रही नव्हते. लघवी रसायनात उकळून तिचा रंग बघायचा. निळा राहिला तर ठीक, विटकरी झाला तर साखर फार. एवढ्यावर इन्सुलिनचा अंदाज करायचा. मात्रा कमी पडली तर साखर चढणार, जास्त झाली तर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडणार. त्यामुळे जेवण, इंजेक्शन आणि विश्रांती यांच्या वेळा सांभाळणारा जाणता माणूस घरात असणे, हाच उपचाराचा अर्धा भाग होता. बाबासाहेब दिल्लीत नोकरांच्या भरवशावर राहत होते.

दिल्ली राजधानी होती, पण फाळणीने हादरलेली होती. निर्वासितांच्या छावण्यांनी शहर भरले होते. एम्ससारखी संस्था उभारण्याचा कायदा व्हायला १९५६ साल उजाडायचे होते. बाबासाहेबांचा विश्वास मुंबईवर होता, कारण तिथे राजगृह होते, आपली माणसे होती आणि डॉ. माधवराव मालवणकरांसारखे नावाजलेले डॉक्टर होते. म्हणून देशाचा कायदेमंत्री सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करून मुंबईला उपचारासाठी येऊ लागला. काही दिवस उपचार घ्यायचे, थोडा आराम पडला की पुन्हा दिल्ली गाठायची. तिथे गेल्यावर पथ्य मोडायचे, जागरणे व्हायची आणि दुखणे पुन्हा डोके वर काढायचे.

दूरच्या गावाहून मोठ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची हीच गत असते. डॉक्टर चांगला भेटतो, औषध लागू पडते, पण घरी परतल्यावर रोजचे बघणारे कोणी नसते. बाबासाहेबांकडे मंत्रिपद होते, बंगला होता, गाडी होती. तरी या अडचणीतून त्यांची सुटका झाली नाही.

डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करत होत्या. त्या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या होत्या. दवाखान्यातील भेटींतून ओळख वाढली आणि पुढे पत्रव्यवहार सुरू झाला. १९४८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत बाबासाहेबांनी दिल्लीहून त्यांना जी पत्रे लिहिली, त्यांत प्रकृतीचा तपशील आहे. दुखणे कसे आहे, झोप लागली की नाही, औषधाने काय फरक पडला, हे सगळे त्यांनी कळवले आहे. स्वतःचे दुखणे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट होते. काळजी घेणारे कोणी कायम सोबत असल्याशिवाय प्रकृती सुधारणार नाही. रमाईंच्या निधनानंतर पुन्हा लग्न न करण्याचे बाबासाहेबांनी ठरवले होते. तो निश्चय त्यांनी आजारामुळे बदलला आणि तसे दादासाहेब गायकवाडांना पत्राने मोकळेपणाने कळवले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत हार्डिंग अ‍ॅव्हेन्यूवरील निवासस्थानी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. शारदाताई सविता आंबेडकर झाल्या, पुढे समाजाच्या माईसाहेब झाल्या. वधू सारस्वत ब्राह्मण घराण्यातील, म्हणून कुजबुज झाली, नाराजीही झाली. पण ज्या मुंबईतल्या उपचारांसाठी इतका लांबचा प्रवास करावा लागत होता, ते उपचार आता रोज घरातच होणार होते, याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

त्यानंतरचे दीड वर्ष आपल्याला पाठ आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा संविधान सभेपुढे ठेवला गेला. दुसऱ्याच दिवशी टी. टी. कृष्णमाचारी यांनी सभागृहात सांगितले की समितीतील कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी, कोणी अन्य कामात, त्यामुळे सगळा भार अखेर एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारले गेले, तेव्हा राजेंद्रप्रसादांनी आभार मानताना बाबासाहेबांची प्रकृती बरी नसल्याचा आवर्जून उल्लेख केला. ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे सभागृहातून पार नेणारा माणूस इन्सुलिनवर होता.

१९५१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून हिंदू कोड बिल आधी घ्यावे अशी विनंती केली. प्रकृती चिंताजनक होती, डॉक्टर दीर्घ उपचारांसाठी मागे लागले होते आणि उपचारांना सुरुवात करण्यापूर्वी त्यांना बिल मार्गी लावायचे होते. बिल रखडले. २७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला. आजारी असल्यामुळे मंत्रिपद सोडले असा समज कोणी करून घेऊ नये, हेही त्यांनी निवेदनात बजावले. आजारपण लपवले नाही, पण राजकीय मतभेदावर त्याचे पांघरूणही घालू दिले नाही.

पुढची पाच वर्षे उताराची होती. पाय सुजत, चालताना आधार लागे, दृष्टी मंदावत चालली. तरी १९५४ च्या डिसेंबरात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परतल्यावर २५ डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून माईसाहेबांसह दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना दिली. १६ ऑक्टोबरला चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर. नोव्हेंबरात काठमांडू, त्यानंतर बौद्ध तीर्थस्थळे आणि महिनाअखेरीस पुन्हा दिल्ली. ६ डिसेंबरला २६, अलीपूर रोड येथे झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ज्या मुंबईला ते उपचारांसाठी येत, तिथे या वेळी विमानाने त्यांचे पार्थिव आले.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने लोळागोळा होऊन पडलेल्या, कोणी न विचारणाऱ्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुऊन-पुसून मंचकावर निजवले आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, असा उपदेश केला. त्याच ठिकाणी सेवा करायला सोपा रुग्ण कसा असतो, तेही सांगितले आहे. तो हितकर तेच करतो, त्यातही प्रमाण राखतो, औषध घेतो, दुखणे जसे असेल तसे सांगतो आणि वेदना सोसतो.

या पाच कसोट्यांवर बाबासाहेबांकडे पाहा. त्यांनी दुखणे खरे सांगितले. औषध घेतले आणि त्यासाठी दूरचा प्रवास केला. वेदना सोसल्या. हितकर ते ओळखले आणि त्यासाठी आयुष्याचा ठरलेला निश्चयही बदलला. चुकले ते प्रमाण. विश्रांती त्यांनी घेतली नाही. त्यांना ती घेता येईल अशी परिस्थिती आपण, म्हणजे त्यांच्या मागे असलेल्या समाजाने, निर्माण केली का, हाही प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. आपण त्यांच्या जागरणांचा गौरव करतो आणि नेमका तोच एक भाग उचलतो.

याचा परिणाम आज दिसतो. आपले कार्यकर्ते शुगर तपासत नाहीत, बीपीची गोळी मधेच सोडतात, मोर्चाच्या गडबडीत दोन-दोन वेळचे जेवण चुकवतात आणि पन्नाशीतच जातात. मग आपण शोकसभा घेतो.

दुसरी गोष्ट माईसाहेबांची. बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर त्यांच्यावर संशय घेतला गेला. सरकारी चौकशी झाली आणि मृत्यू नैसर्गिक असल्याचे संसदेत सांगण्यात आले. तरी कुजबुज थांबली नाही. माईसाहेब कित्येक वर्षे समाजापासून दूर राहिल्या. सत्तरच्या दशकात पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा चळवळीत आणले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली प्रस्तावना लिहिली होती. त्यांना जिवंत ठेवून ग्रंथ पूर्ण करायला मदत केल्याबद्दल तीत पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मानलेले आहे. १९५७ साली ग्रंथ छापला गेला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. रुग्णाने स्वतः दिलेली ही साक्ष आहे. तिच्यापेक्षा कुजबुजीला जास्त वजन देणे हा बाबासाहेबांवरच अविश्वास आहे, असे आम्हाला वाटते.

आजही विदर्भ-मराठवाड्यातून आपली माणसे परळच्या टाटा आणि केईएमला येतात. फाइल कुठे दाखवायची, रात्री कुठे झोपायचे, घरी गेल्यावर इंजेक्शन कोण देणार, हे त्यांचे प्रश्न आहेत. प्रत्येक विहारात महिन्यातून एकदा शुगर आणि बीपी तपासता येईल. जिल्ह्यातल्या दोन-तीन तरुणांनी मुंबई-नागपूरच्या रुग्णालयांची माहिती ठेवून रुग्णासोबत जाता येईल. घरी परतलेल्या रुग्णाचे इन्सुलिन चुकणार नाही एवढे शेजारच्या उपासिकांना बघता येईल. याला मोठा निधी लागत नाही. येत्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर निघण्यापूर्वी प्रत्येक शाखेने निदान आपल्या कार्यकर्त्यांची तपासणी करून घ्यावी, एवढी आमची मागणी आहे.

जय भीम!