२७ सेकंदांत २५ गोळ्या मारणाऱ्या ॲनी ओकलीची सगळ्यात मोठी लढाई मात्र कोर्टात झाली

साल १८९३. साधारण ११ मीटरवर पत्त्यांतला बदामाचा एक्का लावलेला. जेमतेम पाच फूट उंचीच्या बाईनं रायफल खांद्याला लावली आणि २७ सेकंदांत २५ गोळ्या झाडल्या. बदामाच्या जागी उरलं एकच फाटकं भोक.

ती बाई म्हणजे ॲनी ओकली. हातातली रायफल होती मार्लिन कंपनीचं १८९१ चं .२२ मॉडेल.

आता इतक्या झटपट गोळ्या सुटल्या कशा?

तर ही लिव्हर-ॲक्शन रायफल. ट्रिगरभोवतीची कडी खाली ढकलली की रिकामी पुंगळी बाहेर पडते, वर ओढली की नवं काडतूस आत बसतं. काडतूस रिमफायर, म्हणजे पेट घेणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेत भरलेला. गोळी झाडताना आघात त्या कडेवरच होतो. काडतूस छोटं, त्यामुळे धक्का कमी आणि नेम हलत नाही.

पण ॲनीच्या हातात बंदूक आली ती शौक म्हणून नाही, तर पोटासाठी.

१८६० साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात तिचा जन्म झाला. सहाव्या वर्षी वडील गेले. घरात खायची वानवा, म्हणून तिला गरिबांच्या आश्रमात पाठवलं. तिथून ती एका कुटुंबाकडे कामाला गेली. तिथं तिचे प्रचंड हाल झाले. त्या लोकांचं नाव तिनं कधीच घेतलं नाही, त्यांचा उल्लेख ती कायम लांडगे असाच करायची.

घरी परतल्यावर ती शिकार करून विकू लागली. त्याच पैशांतून वयाच्या पंधराव्या वर्षी तिनं आईच्या घरावरचं कर्ज फेडलं.

पुढे फ्रँक बटलर या नावाजलेल्या नेमबाजाला तिनं सामन्यात हरवलं आणि त्याच्याशीच लग्न केलं. १८८५ मध्ये ती बफेलो बिलच्या वाइल्ड वेस्ट शोमध्ये आली आणि स्टार झाली. तिच्या काही बंदुकांवर नक्षी होती, काहींवर सोन्याचा मुलामा. पण तिचा खरा आग्रह असायचा तो बंदूक अंगकाठीला बसण्याचा. १८८७ मध्ये शो लंडनला गेला, तेव्हा चार्ल्स लँकेस्टर या बंदूक कारागिरानं तिच्या मापाची, वजनाला हलकी शॉटगन बनवून दिली.

मग आलं १९०३.

कोकेनसाठी चोरी करताना ॲनी ओकली पकडली गेली, अशी बातमी शिकागोच्या एका पेपरनं छापली. देशभरातल्या पेपरांनी शहानिशा न करता ती उचलली. प्रत्यक्षात पकडलेली बाई दुसरीच होती, ॲनीचं नाव सांगून वावरणारी.

ॲनीनं ५५ पेपरांवर बदनामीचे खटले भरले. कित्येक वर्षं ती गावोगावच्या कोर्टांत साक्ष देत फिरली. ५५ पैकी ५४ खटले जिंकली. भरपाई मिळाली, पण त्यापेक्षा खर्चच जास्त झाला. तिला पैसा नकोच होता, नाव परत हवं होतं.

३ नोव्हेंबर १९२६ ला ती गेली. १८ दिवसांनी फ्रँकही गेला.

१८९१ च्या त्या रायफलचीच सुधारित आवृत्ती असलेलं मार्लिनचं ३९ए मॉडेल पुढे अनेक दशकं विकलं गेलं. जुन्या लिव्हर-ॲक्शनच्या शौकिनांमध्ये आजही तिचं नाव निघतं. कोकेनची ती बातमी मात्र खोटी म्हणूनच लक्षात राहिली.