रुग्णालयातील पासष्टावा वाढदिवस

हृदयविकाराचे नाव घरात निघाले की आपल्या बायकांच्या काळजात आधी धस्स होते. माणूस वाचला तरी आता तो कायमचा अंथरुणाचा धनी झाला, असे धरून चालण्याची रीत फार जुनी आहे. अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयसेनहॉवर यांच्या आयुष्यातले १९५५ सालचे सात आठवडे मला म्हणूनच त्यांच्या रणांगणावरील कर्तबगारीइतके मोलाचे वाटतात.

त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९० रोजी टेक्सासमधील डेनिसन गावी झाला. बालपण कॅन्सास प्रांतातील ॲबिलीन येथे बेताच्या परिस्थितीत गेले. थोरल्या भावाच्या शिक्षणाला हातभार लागावा म्हणून त्यांनी गावच्या दूध-लोण्याच्या कारखान्यात काम केले व मग वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयात प्रवेश मिळवला. पुढे ६ जून १९४४ रोजी दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा त्यांचे सरसेनापती हेच होते. १९५२ साली ते अध्यक्ष म्हणून निवडून आले. हा सगळा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

त्यांच्या घरातली गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. १९१६ साली मेमीबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिला मुलगा २४ सप्टेंबर १९१७ चा. त्याला लाडाने आयकी म्हणत. तीन वर्षांचा हा पोर १९२१ च्या जानेवारीत स्कार्लेट तापाने गेला. १९२२ साली दुसरा मुलगा जॉन झाला, तरी पहिल्याची जखम भरली नाही. दरसाल आयकीच्या वाढदिवशी आयसेनहॉवर पत्नीला न चुकता फुले पाठवीत.

१९५५ च्या सप्टेंबरात पतिपत्नी डेन्व्हरला मेमीबाईंच्या माहेरी विश्रांतीसाठी आली होती. २३ तारखेला अध्यक्ष दिवसभर गॉल्फ खेळले. मध्येच सरकारी टेलिफोनसाठी धावावे लागले, त्याचा राग आला तो निराळाच. दुपारच्या खाण्यात कच्चा कांदा होता. रात्री छातीत दुखू लागले, तेव्हा सर्वांनी दोष त्या कांद्यालाच दिला. मेमीबाईंनी पोटाचे औषध पाजले आणि डॉक्टरांना बोलावणे धाडले. दुसऱ्या दिवशी दुपारी हृदयाचा आलेख काढला, तेव्हा खरे दुखणे कळले. तो दिवस होता २४ सप्टेंबर, आयकीचा वाढदिवस. त्या आईच्या मनात त्या दिवशी काय उलथापालथ झाली असेल!

त्यांना फिट्झसिमन्स लष्करी रुग्णालयात हलवले. सोमवारी न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. बोस्टनचे विख्यात हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांना पाचारण केले होते. त्यांनी वार्ताहरांना बोलावून हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी कशी अडकते, हृदयाचा दुखावलेला भाग भरून यायला किती अवधी लागतो, हे शाळेतल्या मुलाला समजवावे तसे उलगडून सांगितले. राज्यकर्त्याचे दुखणे झाकून ठेवण्याचा तो काळ; त्यात हा मोकळेपणा विरळाच. रोग्याला महिनोन् महिने पडूनच ठेवावे, हे मत व्हाइट यांना मान्य नव्हते. थोडी ताकद येताच खुर्चीत बसवावे, मग हळूहळू चालवावे, असा त्यांचा आग्रह.

तीन आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला, पासष्टावा वाढदिवस रुग्णालयातच आला. वार्ताहरांनी गडद तांबडा पायजमा-सदरा भेट दिला. त्याच्या गळपट्टीवर सेनापतीचे पाच तारे होते आणि खिशावर, आता पुष्कळ बरे आहे, आभार, अशा अर्थाची अक्षरे भरली होती. पुढे २५ तारखेला अध्यक्षांना चाकांच्या खुर्चीतून गच्चीवर उन्हात आणले, तेव्हा त्यांच्या अंगावर हाच पोशाख होता. ते छायाचित्र जगभर गेले. शेकडो पत्रकांनी झाले नसते ते काम त्या भरतकामाने केले, असे मला वाटते.

मेमीबाई शेजारच्याच खोलीत मुक्कामाला होत्या. त्यांचे स्वतःचे हृदयही लहानपणच्या सांधेतापाने अधू झालेले. तरी पत्रांचे ढीग येऊन पडले, तेव्हा हजारो अनोळखी माणसांना उत्तरे पाठवण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. शुश्रूषा करणाऱ्याच्या हातांनाही काही काम लागते, हे ज्यांनी रात्री जागवल्या आहेत त्यांना कळेल.

११ नोव्हेंबरला उभयता डेन्व्हरहून निघाली व १४ तारखेला गेटिसबर्गच्या आपल्या शेतावर पोचली. त्या दिवशी मेमीबाईंचा एकोणसाठावा वाढदिवस होता.

पुढच्या साली आयसेनहॉवर पुन्हा निवडून आले. दुखण्यांनी पाठ सोडली असे नव्हे. आतड्याची शस्त्रक्रिया झाली, १९५७ साली पक्षाघाताचा सौम्य झटकाही आला. पण डिसेंबर १९५९ मध्ये ते दिल्लीला आले व रामलीला मैदानावरील प्रचंड जनसमुदायापुढे बोलले. अधिकारावर असताना भारतात आलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष.

२८ मार्च १९६९ रोजी हृदयानेच त्यांना थांबवले. तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर होते. ॲबिलीनला त्यांना मूठमाती दिली. आयकीचे अवशेष तिथे १९६६ सालीच आणून ठेवलेले होते. १९७९ साली मेमीबाईही त्या दोघांशेजारी विसावल्या.