डॉ. पांडुरंग खानखोजे : गरिबाच्या ताटासाठी मका निवडणारा क्रांतिकारक

मधुमेह असताना स्वीट कॉर्न चालते का? मका पौष्टिक असतो का? सातारा-सांगली भागात हे प्रश्न डॉक्टरांना नेहमी विचारले जातात. मक्याच्या दाण्यात काय उतरते, हे बरेचसे त्या वाणाच्या आनुवंशिक गुणांवर ठरते आणि हवे ते गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवता येतात. हे काम गरीब शेतकऱ्यासाठी करणारा एक मराठी माणूस मेक्सिकोत होऊन गेला. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

दुष्काळातले बालपण

खानखोजे यांचा जन्म १८८४ साली वर्ध्यात झाला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. आपल्याकडच्या ज्येष्ठांना १९७२ चा दुष्काळ, मिलो ज्वारी आणि सुकडी आठवते. त्या जुन्या दुष्काळांत मदत फार तोकडी पडली. उपासमारीने खंगलेली माणसे कॉलरा आणि हिवतापाने दगावली. कुपोषित शरीर साध्या आजारालाही तोंड देऊ शकत नाही, हे डॉक्टर आजही पाहतात.

लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेले खानखोजे तरुणपणी देश सोडून अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि त्याच काळात गदर चळवळीच्या उभारणीत भाग घेतला. पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये ब्रिटिश फौजांविरुद्ध लढले. युद्धानंतर मायदेशाची दारे त्यांना बंद होती. बर्लिन आणि मॉस्को पाहून १९२४ साली ते मेक्सिकोला पोहोचले.

चापिंगोचे शेत

मेक्सिको शहराजवळ चापिंगो येथे त्या काळी राष्ट्रीय कृषी विद्यालय होते. तेथे खानखोजे प्राध्यापक झाले. मेक्सिकोत नुकतीच क्रांती होऊन गेली होती, जमिनींचे वाटप सुरू होते आणि लोकांचे मुख्य अन्न होते मका. म्हणून त्यांनी मक्यावर लक्ष केंद्रित केले.

मक्याची निवड ऐकायला सोपी वाटते. चांगली झाडे हेरायची, त्यांची कणसे बियाण्याला ठेवायची आणि पुढच्या हंगामात तीच पेरायची. अडचण अशी की मक्याचे परागकण वाऱ्याने पसरतात, त्यामुळे शेजारच्या झाडाचे गुण नकळत मिसळतात. म्हणून कोवळ्या कणसावर आणि तुऱ्यावर कागदी पिशव्या बांधतात आणि हवे ते पराग हाताने कणसाच्या केसांवर टाकतात. प्रत्येक कणसाचे दाणे वेगळे पेरून नोंद ठेवावी लागते. मातीमुळे आलेला जोम पुढच्या पिढीत टिकत नाही, आनुवंशिक गुण टिकतो. हा फरक कळायला काही हंगाम जातात.

खानखोजे यांनी नवे वाण तयार केले. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषी शाळाही उभ्या केल्या, कारण बियाणे निवडण्याची विद्या शेतकऱ्याच्या हाती नसेल तर चांगले वाण टिकत नाही. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी एका भित्तिचित्रात त्यांना पंगतीत भाकरी वाटताना दाखवले आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले. १९६७ साली नागपूर येथे त्यांचे निधन झाले. २०२२ साली चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

दाण्याचे गुण आणि आपले आरोग्य

ज्या गुणासाठी निवड करावी, तो वाढतो. केवळ उत्पादन पाहिले तर पोते भरते, पण पोषण वाढेलच असे नाही. साध्या मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन आवश्यक अमिनो आम्ले कमी असतात. १९६० च्या दशकात ही कमतरता भरून काढणारा एक जनुक सापडला. पुढे चापिंगोजवळच असलेल्या आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन केंद्रात सुरिंदर वसल आणि इवांजेलिना विलेगास यांनी त्यापासून अधिक पौष्टिक मका घडवला. त्याबद्दल त्यांना २००० साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

स्वीट कॉर्नची गोडीही आनुवंशिक आहे. दाण्यातली साखर एरवी पिष्टात बदलते. स्वीट कॉर्नमध्ये एका जनुकातील बदलामुळे हे काम अर्धवट राहते. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोन्हींकडून आला तरच दिसतो. शेजारच्या साध्या मक्याचे पराग पडले की दाणा पिठूळ होतो. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे आजार मुलांत उतरण्याचा नियमही हाच आहे.

टोमॅटोची गोडी मात्र अनेक जनुकांवर अवलंबून असते. फळ मोठे आणि उत्पादन जास्त हवे म्हणून निवड होत गेली, तशी फळातली साखर सहसा कमी झाली. म्हणून लहान टोमॅटो बहुधा जास्त गोड लागतात.

ताटात काय करावे?

- स्वीट कॉर्न हे भाजीत न धरता धान्यात धरा. मधुमेह असल्यास ते खाल्लेल्या वेळी भाकरी किंवा भात कमी करा. वर लोणी घालणे टाळा.
- टोमॅटो गोड वाणाचा असला तरी त्यात पाणीच जास्त असते. मधुमेहात तो खायला हरकत नाही. मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्र पोटॅशियममुळे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.
- मक्याची भाकरी खाताना सोबत डाळ, उसळ किंवा दूध घ्या. मक्यात जे कमी आहे ते त्यातून मिळते.
- लहान मुलांना केवळ मक्याच्या पिठाच्या खिरीवर ठेवू नका.

माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांतही मका पेरला जातो, पण बराचसा जनावरांच्या चाऱ्यासाठी आणि कोंबडीखाद्यासाठी. घरी खाण्यासाठी पेरणार असाल तर बियाणे घेताना उत्पादनाबरोबर एक प्रश्न जरूर विचारा : हा दाणा माणसाला किती पोसतो? खानखोजे यांनी आयुष्यभर भुकेल्या माणसाच्या बाजूने काम केले. त्या कामाशी नाते सांगणारा हा प्रश्न आहे.