भद्राचलाचे रामदास

रामदास म्हटले की आपणां महाराष्ट्रीयांचे हात प्रथम सज्जनगडाकडे जोडले जातात. त्याच सतराव्या शतकात गोदावरीच्या खालच्या अंगास, तेलंगणात, दुसरे एक रामदास होऊन गेले. ते मठाधिपती नव्हते. सरकारी वसुलीचे ते अधिकारी होते, आणि पुढे त्याच सरकारचे बाकीदार झाले.

त्यांचे मूळ नाव कंचर्ल गोपन्ना; गाव खम्मम प्रांतातील नेलकोंडपल्ली. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा, म्हणजेच तानाशहा, १६७२ साली गादीवर आला. त्याच्या दरबारी अक्कण्णा व मादण्णा या बंधूंचे मोठे वजन होते. १६७७ साली शिवछत्रपती भागानगरास आले, तेव्हाचे कारभारी हेच मादण्णा. गोपन्ना हे या बंधूंचे भाचे असे परंपरा सांगते, आणि त्या आप्तसंबंधानेच त्यांस पाल्वंचे येथील तहसीलदारी मिळाली.

ही नोकरी मानाची खरी, पण जिवावरची. कुतुबशाहीत मुलूख मक्त्याने देत. जो अधिक रकमेची बोली करी त्याच्याकडे वसुली जाई. ठरलेला ऐवज हप्त्याहप्त्याने खजिन्यात भरावा लागे. त्या शतकाच्या प्रारंभी मच्छलीपट्टणास राहिलेल्या मेथवोल्ड या इंग्रज व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की, रक्कम तुटली तर अंमलदारासही वेताचा मार बसे. मग अंमलदार रयतेशी कसा वागत असेल, हे वाचकांनीच ताडावे.

अशा साखळीतील एक कडी असलेल्या गोपन्नांनी भद्राचल येथे श्रीरामाचे भव्य देवालय उभारले. पैसा कोठून आला? भक्त म्हणतात, रयतेने पीक आल्यावर देण्याचे कबूल केले होते, त्या भरवशावर त्यांनी जमा झालेला सरकारी ऐवज खर्चिला. दरबाराच्या दप्तरी मात्र तो अपहारच ठरला. पुजाऱ्याच्या घरी वाढलेल्या आम्हांसही येथे अडखळल्यावाचून राहवत नाही. देवळाचा दगड पवित्र असला तरी तो ज्या होनांनी घेतला ते होन गोपन्नांचे नव्हते; आणि खजिन्यात तरी ते शेतकऱ्याच्या खळ्यातूनच येत होते. तानाशहाने केले ते त्या काळच्या रिवाजाप्रमाणेच. त्यात धर्मद्वेष शोधणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

गोपन्नांस गोवळकोंड्याच्या किल्ल्यात कोंडण्यात आले. परंपरा बारा वर्षे सांगते. ती कोठडी आजही दाखवितात. तेथे रचलेली म्हणून जी तेलुगू कीर्तने गातात, त्यांतील एकात ह्या वसुली अधिकाऱ्याने चक्क देवापुढे खर्डा मांडला आहे: प्राकारास इतके होन, भरताच्या पदकास इतके, सीतामाईच्या दागिन्यास इतके. हे सारे मिरवितोस ते कोणाच्या पैशावर, असे रामासच खडसावून ते लागलीच क्षमाही मागतात. मार खाणाऱ्या बाकीदाराचा तो आक्रोश आहे.

पुढची कथा आपल्या दामाजीपंतांची आठवण करून देते. राम-लक्ष्मण रात्री सुलतानाकडे गेले, सारी बाकी मोजून दिली आणि पावती घेऊन ती निजलेल्या गोपन्नांच्या उशाशी ठेवली. मंगळवेढ्याची कथा काय, भद्राचलाची काय, देवाने पैसे भरले तरी पावती घेतल्याखेरीज तो परतत नाही! रयतेला पावतीचे मोल किती वाटत असे, ते यावरून दिसते.

गोपन्ना सुटले. १६८७ साली गोवळकोंडा औरंगजेबाच्या हाती पडला व ती सल्तनत बुडाली. परंतु श्रीरामनवमीच्या कल्याणोत्सवास सरकारातून मोती पाठविण्याची जी चाल तानाशहाने घातली असे सांगतात, ती पुढे निजामांनीही राखली, आणि आजही तेलंगण सरकारकडून दरसाल मोती भद्राचलास जातात.