फाजल अली : एका असहमतीची गोष्ट

महाराष्ट्रात फाजल अली हे नाव माहीत आहे ते राज्य पुनर्रचना आयोगामुळे. १९५५ च्या अहवालात द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवणाऱ्या आयोगाचे ते अध्यक्ष. पण संविधानाचा अर्थ कसा लावावा हे शिकायचे, तर आपण त्यांच्याकडे न्यायाधीश म्हणून पाहायला हवे.

जन्म १८८६ चा, बिहारमधला. पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, मग फेडरल कोर्ट आणि १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालय. त्याच वर्षी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांचा खटला आला. खटला न चालवता त्यांना प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली तुरुंगात ठेवले होते.

बहुमताने शब्दाला धरून अर्थ लावला. प्रत्येक कलम वेगळे. विधिमंडळाने कायदा करून जी कार्यपद्धती ठरवली, ती कलम २१ ला पुरेशी. फाजल अलींनी कलमे १९, २१ आणि २२ एकत्र वाचली. त्यांच्या मते कार्यपद्धती म्हणजे माणसाला आरोप कळणे, बाजू मांडता येणे आणि ती निःपक्षपातीपणे ऐकली जाणे. सहा न्यायाधीशांत या अर्थाच्या बाजूने ते एकटेच उभे राहिले.

हा वाद संविधान सभेपासूनचा. तिथे कलम २१ मधून ‘ड्यू प्रोसेस’ वगळले गेले. ती उणीव थोडी भरून काढण्यासाठी बाबासाहेबांनी पुढे कलम २२ झालेली तरतूद मांडली.

मात्र फाजल अलींचा देव करायला नको. त्याच मे महिन्यात रोमेश थापर खटल्यात बहुमत वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या बाजूने गेले, तेव्हा ते सरकारच्या बाजूने होते. म्हणून आपण माणसाचे नाव पाहून नव्हे, युक्तिवाद तपासून बाजू घ्यावी.

१९५९ मध्ये आसामचे राज्यपाल असताना त्यांचे निधन झाले. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात कलमे सुटी वाचण्याची पद्धत न्यायालयाने नाकारली. १९७८ मध्ये मेनका गांधी खटल्यात कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, हे मान्य झाले. हे पाहायला ते नव्हते.

प्रतिबंधक स्थानबद्धतेची तरतूद आजही कलम २२ मध्ये आहे. म्हणून वस्तीतल्या संविधान वर्गात आपण कलमे नुसती पाठ करून घेऊ नयेत. १९, २१ आणि २२ शेजारी ठेवून वाचावीत. पकडलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे का, याचे उत्तर त्या वाचण्यावर ठरते.